राऊटर माजघरात हलवा

आमच्या साताऱ्याच्या घरातला राऊटर साडेतीन वर्षं माझ्या उशापासून चार फुटांवर होता. त्यातलं शेवटचं दीड वर्ष तर मी त्या खोलीत राहतही नव्हतो. २०२२च्या उन्हाळ्यात ऑफिसने परत बोलावलं, मी पुण्याला गेलो, खोलीचं दार लोटलेलं राहिलं. आत माझ्या टेबलावर धूळ साचत होती आणि त्या टेबलावरून घरातलं सगळ्यात चांगलं नेट चोवीस तास रिकाम्या पलंगाला मिळत होतं. दिवाळीला मी घरी गेलो की तेवढे चार दिवस ते कामी यायचं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पटलं नाही तर भांडायला सोपं. घरातला राऊटर कुठे आहे त्यावरून त्या घरात कुणाच्या कामाला काम म्हणतात ते कळतं. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत तो चुकीच्या जागी आहे. तो उचला आणि घराच्या मधोमध न्या. मला दोन हजारांच्या आसपास खर्च आला आणि एक सकाळ गेली. ‘कशाला हलवायचा’ म्हणून आपण जी कारणं देतो, ती सगळी मी स्वतः दिलेली आहेत आणि त्यातलं एकही टिकत नाही.

तो माझ्या खोलीत आला कसा, ते आधी सांगतो. जून २०२०. लॉकडाउन थोडा सैल झाला होता. मला नोकरी लागून वर्ष झालं होतं आणि लॅपटॉप घेऊन मी पुण्याहून घरी आलो होतो. कंपनीचा माणूस आला, मास्क लावलेला, घामाघूम. त्याला त्या दिवसात अजून बरीच कनेक्शनं करायची होती. त्याने खांबावरून वायर आणली, रस्त्याकडच्या पहिल्या खिडकीतून आत घेतली आणि विचारलं, ‘बॉक्स कुठे लावू?’ ती खिडकी माझ्या खोलीची. मी म्हटलं, ‘इथेच लावा, माझं वर्क फ्रॉम होम आहे.’ बाबा म्हणाले, ‘हो, त्याच्याच खोलीत लावा.’ आई चहा घेऊन आली होती, तिला कुणी विचारलं नाही. धाकटी बहीण माजघरात पुस्तक घेऊन बसली होती, तिलाही नाही. वीस मिनिटांत काम आटोपलं.

त्या माणसाची चूक नाही. वायर जिथून आत येते तिथेच बॉक्स लावला की त्याचं काम लवकर संपतं. पण वायर रस्त्यावरून येते, आणि आपल्याकडे घराचा रस्त्याकडचा भाग कुणाचा असतो, हे सांगायला नको. आमचं घर आजोबांनी बांधलेलं, जुन्या पद्धतीचं. पुढे ओटी, तिला लागून ही खोली, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या कडेला आईच्या शिलाई मशीनची लहान खोली. भिंती दगड-विटांच्या, दीड-दीड फुटांच्या. पाहुणा, पोस्टमन, पेपर, सगळं आधी ओटीवर येतं. पूर्वी लँडलाइन फोन आला तोही ओटीवरच बसला, विणलेला रुमाल पांघरून. माहेरी बोलायचं असलं तरी आई सगळ्यांच्या देखत, हळू आवाजात बोलायची. राऊटरही त्याच वाटेने आला आणि त्याच रांगेत बसला.

आई ब्लाउज शिवते. आता गिऱ्हाइकं गळ्याचे, बाह्यांचे, मागच्या दोऱ्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. मशीनपाशी फोटो उघडायचा नाही, नुसतं गोल फिरत राहायचं. मग ती उठायची, सुई पदराला टोचायची, माजघर ओलांडून माझ्या दारात यायची आणि आरतीचं ताट धरावं तसा फोन पुढे धरून उभी राहायची. मी कानात हेडफोन घालून कॅमेऱ्यासमोर. ती दिसली की मी हाताने खूण करायचो, मीटिंग चालू आहे. ती मान हलवायची आणि तरी अर्धा मिनिट तिथेच थांबायची. मला वाटायचं, चहाचं विचारायला आली आहे. ती रेंज घ्यायला आलेली असायची.

हे मला कळायला साडेतीन वर्षं लागली, आणि मी इंजिनिअर आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा. अँटेना आणि वेव्ह प्रोपगेशन हा विषय मला होता, त्यात मी चांगल्या मार्कांनी पास झालो आहे. तेव्हा त्यातलं थोडं इथे सांगतो. आपल्यासारखी शिकलेली मुलंच याबाबतीत सगळ्यात जास्त झोपेचं सोंग घेतात.

राऊटर म्हणजे बिनकाचेचा दिवा समजा. तो सगळीकडे प्रकाश टाकतो, पण आपल्याला तो दिसत नाही, म्हणून कुठे अंधार आहे तेही दिसत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौथ्या हिश्श्यावर येतो. वाटेत विटांची भिंत आली की आणखी घटतो, काँक्रीटची आली की त्याहून जास्त, आणि लोखंडी कपाट, फ्रिज किंवा मोठा आरसा आला की त्याची सावलीच पडते. साध्या वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या असतात. नव्या राऊटरमध्ये ५ गिगाहर्ट्झचा पट्टाही असतो. तो वेगवान, पण त्याच्या लहरी त्याच्या निम्म्याहून कमी लांबीच्या असतात आणि भिंतीपुढे लवकर हार मानतात. म्हणजे राऊटर जितका नवा आणि महाग, तितका दोन भिंतींपलीकडच्या माणसाचा तोटा मोठा.

मी फोनवर एक मोफत ॲप घेऊन घरभर फिरलो. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात, आकडा उणे असतो आणि शून्यापासून जितका लांब तितका सिग्नल वाईट. माझ्या टेबलाशी उणे ३५. माजघरात उणे ६२. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उणे ८१. मशीनपाशी उणे ८४. या मापात दहाचा फरक म्हणजे दहा पट फरक. म्हणजे माझ्या टेबलावर जो सिग्नल होता, तो आईच्या ओट्याशी पोहोचेपर्यंत जवळपास ४० हजार पटींनी क्षीण झालेला होता. बिल एकच. त्यातले काही महिने तर ते आईच्या शिलाईच्या पैशांतून भरलेलं आहे.

इथे कुणीतरी म्हणेल, ‘पण तिला लागतं किती? व्हॉट्सॲपपुरतंच ना?’ हे वाक्य मीही म्हटलेलं आहे, म्हणून त्याची उत्तरं मला चांगली ठाऊक आहेत. पहिलं उत्तर, तिला व्हॉट्सॲपपुरतंच लागतं कारण व्हॉट्सॲपपलीकडचं काही तिच्यापर्यंत कधी पोहोचलंच नाही. राऊटर हलवल्यावर पंधरा दिवसांत ती मशीनपाशी फोन उभा करून कटिंगचे व्हिडिओ बघत कापड बेतायला लागली. मागणी नव्हती असं आपण म्हणतो, तिथे पुरवठाच झालेला नसतो.

दुसरं उत्तर स्वार्थी माणसालाही पटेल असं आहे. वायफायवर एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. वाडीवरच्या सार्वजनिक नळासारखं. पाळी प्रत्येकाला मिळते, एका पाळीला एक हंडा. पण ज्याचा सिग्नल चांगला त्याचा हंडा धो धो भरतो, आणि लांबच्याचा थेंब थेंब. तोच हंडा भरायला त्याला कितीतरी पट वेळ लागतो आणि तेवढा वेळ सगळी रांग खोळंबते. आमचा राऊटर कंपनीने दिलेला, फक्त २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे घराला नळ एकच. मागच्या खोलीतून आईने एखाद्या गिऱ्हाइकाला तयार ब्लाउजचा फोटो पाठवला की माझ्या मीटिंगमध्ये समोरच्याचा चेहरा गोठायचा आणि मी आतून ओरडायचो, ‘कोण काय डाउनलोड करतंय?’ आई मुकाट्याने वायफाय बंद करायची.

आज मला माहीत आहे की ती जास्त डेटा खात नव्हती. तिला मी इतकं लांब ठेवलं होतं की तेवढासा फोटो पाठवायलाही तिला सगळ्यांचा वेळ लागत होता. मशीनपाशी चांगला सिग्नल असता तर तोच फोटो क्षणात गेला असता आणि मला कळलंही नसतं. काही नव्या राऊटरमध्ये यावर उपाय म्हणून एक सोय देतात. ती काय करते, तर लांबच्या उपकरणाच्या वाट्याचा वेळ आणखी कापते. जवळच्याची गैरसोय होऊ नये म्हणून लांबच्याला गप्प बसवायचं, हे आता यंत्रालाही शिकवून झालंय. त्यापेक्षा यंत्र उचलून मधे ठेवलं तर कुणाचाच वेळ कापावा लागत नाही.

‘पण माझी नोकरी आहे. मीटिंग तुटली तर?’ हा आक्षेप खरा आहे आणि त्याला सोपं उत्तर आहे. तुमची मीटिंग तुटू नये असं वाटत असेल, तर वायफायवर बसूच नका. लॅपटॉपला केबल लावा. साधी कॅट सिक्स केबल १०० मीटरपर्यंत विनातक्रार चालते, तिला भिंत आडवी येत नाही आणि शेजाऱ्याचा राऊटरही आडवा येत नाही. मी दिवसाचे नऊ तास एका खुर्चीत, एका टेबलाशी बसायचो. ज्याला जागेवरून हलायचंच नाही त्याला बिनतारी यंत्र हवंच कशाला? बिनतारी यंत्र हिंडत्या माणसासाठी असतं. आमच्या घरात दिवसभर हिंडतं कोण? ओट्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून गच्चीवर, गच्चीवरून मशीनपाशी, तिथून परत कुकरच्या शिट्ट्या मोजायला. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. घरात हिंडण्याचा हिशेब या दोन आकड्यांत आहे. बसणाऱ्याला वायर आणि हिंडणाऱ्याला वायफाय, असा साधा नियम असायला हवा होता. आपण बरोबर उलटं केलं आणि त्याला सोय म्हटलं.

पुढचा आक्षेप, ‘एक रिपीटर आणू आणि मागे लावू.’ मीही आणला होता, २०२१मध्ये. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर तेच परत बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय मी तो लावला स्वयंपाकघरात, जिथे मूळ सिग्नलच मेलेला. मेलेला सिग्नल त्याने इमानेइतबारे पुढे पोहोचवला. फोनवर सगळ्या दांड्या भरलेल्या आणि नेट शून्य. आई म्हणाली, ‘आता दिसतंय तरी.’ पुढच्या महिन्यात फ्रिजच्या मागे त्याचा प्लग निघाला, तो कुणी परत लावला नाही. आपला जुना फोन आईला, जुना लॅपटॉप बहिणीला, तसाच हा उरलासुरला सिग्नल मागच्या खोलीला. आपली जागा न सोडता दुसऱ्याची सोय करायची म्हटलं की असंच होतं.

मग रेडिएशन. राऊटर माजघरात न्यायचं म्हटल्यावर बाबा म्हणाले, ‘सगळ्यांच्या डोक्यावर कशाला रेडिएशन?’ साडेतीन वर्षं तो माझ्या डोक्याशी होता, तेव्हा हा प्रश्न कुणाच्या मनात आला नव्हता. घरातल्या राऊटरची २.४ गिगाहर्ट्झवरची ताकद वॅटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. तो भिंतीवर उंच, सहा-आठ फुटांवर असतो. आपण कानाला लावतो तो फोन कानालाच असतो. आणि फोनला टॉवर लांब पडला की तो जास्त जोर लावून बोलतो. ज्याला खरंच ही काळजी आहे त्याने आधी उशाखालचा फोन काढावा. बाबांनी काढला नाही.

‘आता मोबाइल डेटा स्वस्त आहे, प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेच की.’ हा सगळ्यात गुळगुळीत आक्षेप. मोबाइलचा सिग्नलही दीड फुटी भिंतीतूनच येतो, आणि आमच्या मागच्या खोलीत तोही धड नसतो. आणि समजा असला, तरी एकाच घरात एकाला अमर्याद आणि दुसरीला मोजून मापून, हे कशासाठी? महिन्याचं बिल आपण घराच्या नावाने भरतो.

आता बहिणीचं सांगतो. खरं तर तिथूनच या लेखाला सुरुवात झाली.

२०२०च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या विद्यापीठांच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन झाल्या, आठवत असेल. ती तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. माजघरात नेट मधूनच जायचं आणि वायफाय नीट होतं ते माझ्या खोलीत, दाराआड. दार मी लावलेलं, कारण सकाळी स्टँडअप. तिने एक पेपर गच्चीच्या जिन्यात बसून, मोबाइल डेटावर दिला. मधे पान अडकलं, परत लॉगिन करावं लागलं, घड्याळ मात्र चालू होतं. पास झाली, मार्क बरे पडले, त्यामुळे घरात कुणाला काही कळलंच नाही. २०२३च्या दिवाळीत आम्ही फराळ करत बसलो होतो, तेव्हा तिने हे हसत हसत सांगितलं. मी विचारलं, ‘मग दार का नाही वाजवलंस?’ ती म्हणाली, ‘दादा, तुझं काम चालू होतं ना.’

मला तोवर वाटायचं की मी कुणाचं काही अडवलेलं नाही. पासवर्ड सगळ्यांकडे होता. मी कधी नेट बंद केलं नाही, कधी कुणाला नको म्हटलं नाही. आपल्यासारख्या मुलांचा सगळा भरवसा यावरच असतो, की आपण नको म्हटलेलं नाही. पण तिला परीक्षा देण्यासाठी माझी परवानगी लागत होती, आणि माझ्या लावलेल्या दारावर ती मागायची कशी हा तिचा प्रश्न होता. राऊटर मुलाच्या खोलीत असला की नेट वापरायला त्याच्या दाराशी यावं लागतं. राऊटर ओटीवर असला की सगळ्यांच्या नजरेसमोर बसावं लागतं. कशीही मांडणी केली तरी दार लावून नेट वापरण्याची चैन एकट्यालाच मिळते.

म्हणून मधली जागा. काही जण म्हणतात, मधे ठेवलं की सगळ्यांचं सगळ्यांना दिसेल, मुलींवर लक्ष राहील. हे अगदी उलट आहे. मधे राऊटर असतो, स्क्रीन नसते. सिग्नल चारही खोल्यांत सारखा पोहोचला की प्रत्येकाला आपापल्या खोलीत जाऊन दार लावून घेता येतं. बहिणीला मुलाखत देता येते, मैत्रिणीशी बोलता येतं, काहीही न सांगता काहीही वाचता येतं. ज्यांना नेमकं हेच नको असतं ते राऊटर आपल्या हाताशी ठेवतात आणि रात्री दहाला त्याचं बटण बंद करतात. अशी घरं तुम्हालाही माहीत असतील. कदाचित तुम्ही त्यातल्याच एका घरात, पांघरुणात फोन धरून हे वाचत असाल.

केरळात कोझिकोडला फहीमा शिरीन नावाच्या विद्यार्थिनीने यावर भांडण केलं होतं. तिच्या कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये संध्याकाळी ६ ते १० फोन वापरायला बंदी होती. तिने ती मानली नाही, तिला हॉस्टेलमधून काढलं, ती कोर्टात गेली. १९ सप्टेंबर २०१९ला केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला, की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला परत घ्यायला सांगितलं. हॉस्टेलला नियमावली असते, म्हणून तिच्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. घरात नियमावली नसते. तिथे एक लोटलेलं दार असतं आणि ‘त्याच्याच खोलीत लावा’ असं एक वाक्य असतं. त्याला कुठल्या कोर्टात आव्हान द्यायचं?

आणि ही गोष्ट कुणाच्या मोजदादीत येत नाही. २०११च्या जनगणनेत इंटरनेट असलेली घरं मोजली, ती देशभरात ३.१ टक्के निघाली. आज फायबरची कनेक्शनंही घरटी मोजली जातात. कागदावर आमचं घर जून २०२०पासून ‘जोडलेलं’ आहे. मोजणारा उंबऱ्यापर्यंत येतो आणि परत जातो. आत वायर कुठे थांबली हे तो विचारत नाही. माणसं मोजली की चित्र बदलतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या ६१.५ टक्के पुरुषांनी आपण कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं, बायकांपैकी ३८ टक्क्यांनी. यातला सगळा फरक राऊटरच्या जागेचा नाही, हे मलाही कळतं. फोन कुणाच्या नावावर, शिक्षण किती, पैसे कुणाच्या हातात, अशी मोठी कारणं आहेत आणि ती एका रविवारात सुटणारी नाहीत. हे एक सुटतं. म्हणूनच ते न सोडवण्याला माफी नाही.

आता कसं करायचं ते सांगतो. फायबरची बारीक वायर ओढू नका, दुमडू नका, आत काच असते. कंपनीचा बॉक्स आहे तिथेच राहू द्या. त्याच्या मागच्या लॅन पोर्टमधून केबल काढा, चौकटीच्या कडेने क्लिपा मारत घराच्या मध्यापर्यंत न्या, आणि तिथे एक साधा दोन बँडचा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर लावा. भाड्याचं घर असेल तर भोक पाडायचीही गरज नाही, केबल दाराखालून जाते. राऊटर उंचावर ठेवा. कपाटात, टीव्हीच्या मागे, फ्रिजच्या शेजारी नको. जुन्या बॉक्सचं वायफाय बंद करा. २.४ गिगाहर्ट्झला चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांनी कमी वापरलेला निवडा. तुमची खुर्ची जागची हलत नसेल तर तिला वेगळी केबल द्या. शेवटचं आणि महत्त्वाचं, राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड कागदावर लिहून सगळ्यांना सापडेल अशा जागी चिकटवा. आमच्याकडे तो मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

आमच्या माजघरात एक फळी आहे. तिच्यावर पूर्वी आजोबांचा रेडिओ असायचा. ओटीवरही ऐकू यावा आणि चुलीपाशी आजीलाही, म्हणून तो तिथे ठेवलेला. आजोबा काही फार पुढारलेले नव्हते. पण आवाज कानाला कळतो, त्यामुळे कुणाला ऐकू येत नाही हे लपत नव्हतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी त्या फळीवर राऊटर ठेवला आणि ॲप घेऊन परत घरभर फिरलो. ओट्याशी उणे ५७. मशीनपाशी उणे ५८. माझ्या खोलीत उणे ६०. माझे २५ गेले, आणि मला त्याचा काहीही फरक पडला नाही. मीटिंग केबलवर, सिनेमा वायफायवर, दोन्ही सुरळीत. ज्या जागेसाठी मी साडेतीन वर्षं अडून बसलो होतो, तिचा मला उपयोगच नव्हता. आईने विचारलं, ‘एवढंच होतं? मग आधी काय अडचण होती?’ मी केबलची क्लिप ठोकत राहिलो.

तेव्हा आज रात्री एक करा. फोन घ्या आणि तुमच्या घरात सगळ्यात जास्त वेळ उभं राहून काम करणारं माणूस जिथे उभं असतं, तिथे जाऊन उभे राहा. तिथला आकडा बघा. मग आपल्या पलंगावर येऊन आकडा बघा. दोन्हींतला फरक जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. पुढचं भांडण आपोआप सुरू होईल आणि ते व्हायलाच हवं.

मी पुण्याला परतल्यावर आठवड्याने बहिणीचा फोन आला. म्हणाली, आई अजून फोटो उतरवायला सवयीने तुझ्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहते. मी म्हटलं, ‘अगं, मग तिला सांग ना, आता गरज नाही म्हणून.’

‘तूच सांग,’ ती म्हणाली. ‘दार तुझं आहे.’